माझ्या घरी रडायला बंदी होती

कामोठ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी दर रविवारी लोकांना आनंदी राहायला शिकवत असे. आज हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मी ते अगदी गंभीरपणे करत होते. एरवी त्या खोलीत दहावीच्या शिकवण्या चालायच्या. फळ्यावर शनिवारची त्रिकोणमिती असायची. ती पुसून मी मोठ्या अक्षरात ‘सकारात्मक मानसशास्त्र’ लिहायचे आणि हात झटकून वळायचे. समोर पंधरा-वीस माणसं असत. सेक्टरमधल्या गृहिणी, एखादी शिक्षिका, न्हावा शेव्याच्या कुठल्याशा कचेरीत बसणारे दोघं-तिघं, सगळे छोट्या बाकांत गुडघे दुमडून बसलेले.

ती विद्या मला खरंच लागू पडली होती हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की विद्याच खोटी. लग्नानंतरची काही वर्षं मी सतत चिडलेली असे. नवरा म्हणायचा, तू तोंड उघडलंस की तक्रारच बाहेर पडते. मग पत्राने होणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. रोज संध्याकाळी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या, हा त्यातला पहिला धडा. सहा महिन्यांत मी खरोखर निवळले. पण एखाद्याला पित्तावर सोडा लागू पडला की तो घरात ताप आलेल्यालाही सोडाच पाजतो, तसं माझं झालं. भेटेल त्याला मी वही घ्यायला सांगायचे.

माझं माहेर पनवेलहून उरणकडे जाताना खाडीकाठी. पूर्वी आमची मिठागरं होती. आईने निम्मं आयुष्य डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. मिठागरं गेली, बंदराचा रस्ता आला, आणि माझा धाकटा भाऊ त्याच रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर चालवू लागला. वडील आधीच गेले होते. घरात आई आणि तो. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं आणि तो दर मुलीत काहीतरी खोट काढत होता.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी सात-साडेसातला त्याचा ट्रेलर रस्त्यात बंद पडलेल्या दुसऱ्या ट्रेलरवर मागून आदळला. धुकं होतं आणि त्या उभ्या ट्रेलरचे मागचे दिवे लागत नव्हते म्हणे. तो एकतीस वर्षांचा होता.

आमच्याकडे मरण झालं की बायका भेटायला येतात. भेटायला म्हणजे रडायला. दारात शिरतानाच येणारी बाई आवाज काढते, आई उठते, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मग शब्दांत रडणं सुरू होतं. काय झालं, कसं झालं, त्या दिवशी तो काय जेवला, काय बोलला, सगळं पहिल्यापासून. ते संपलं की दोघी तोंड धुतात, मग चहा होतो आणि गप्पाही होतात. दुसरी बाई आली की पुन्हा पहिल्यापासून. बारा दिवस हे चाललं होतं आणि मी दाराशी दात-ओठ आवळून उभी होते. आईच्या रडण्यात प्रत्येक वेळी एक वाक्य यायचं. “मीच उठवला गो त्याला. निजला व्हता बरा. मीच हलवून उठवला.”

त्या सकाळी त्याला डोळा उघडवत नव्हता. तो म्हणाला होता, आज राहू दे. आईने त्याला उठवला, भाकरी बांधून दिली आणि पाठवला. एवढंच. रोज कुठलीही आई करते तेवढंच.

मी हे ऐकायचे आणि मला वाटायचं, ही बाई स्वतःची जखम रोज दहा वेळा उघडते आहे आणि हे लोक तिला मदत करताहेत. आमच्या अभ्यासात याला नाव होतं, तेच तेच उगाळत बसणं. त्याने दुःख मुरतं असं मी फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आईचं वाक्य मला पाठ झालं होतं. त्यावर समोरची बाई काय म्हणते याकडे मात्र मी कधी कान दिला नाही.

बारावं झालं तशी मी आईला विचुंब्याला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. गावातून निघताना मामीला, म्हणजे आईच्या भावाच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, “आता महिना-दोन महिने कुणी येऊ नका. आणि आलात तर माझ्या घरी रडायचं नाही. त्याच्या चांगल्या आठवणी सांगा, हसत बोला. तिला यातून बाहेर काढायचंय.” मामीने पदर खोचला. मग म्हणाली, “तू शिकलेली हास. तुला ठावं.” तिच्या हातात आमच्या सगळ्या नात्याची खबरबात असते. तिला एक सांगितलं की उरणपर्यंत पोचतं. मला तेच हवं होतं.

खरं सांगायचं तर सगळं मानसशास्त्रच नव्हतं त्यात. आमच्या इमारतीत भिंती पातळ. शेजारच्या बाई कुत्र्याशीसुद्धा हळू आवाजात बोलायच्या. जिन्यात कुणी लुगडेवाली बाई गळा काढून चढते आहे, ही कल्पनाच मला नको होती. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी शास्त्राचं झाकण घातलं.

आईसाठी मी दोनशे पानी वही आणली. ती चौथी शिकलेली, तिला लिहायला वेळ लागायचा, म्हणून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती सांगायची आणि मी लिहायचे.

“हं, आज काय चांगलं झालं?”

“काय चांगला व्हनार?”

“असं नाही. बघ, आठव.”

“पानी टायमावर आला.”

“एक. पुढे?”

“भाजीवालीनी कोथमीर दिली, उगीच.”

“दोन.”

तिसऱ्यासाठी ती खूप वेळ घ्यायची. एकदा तिने तीन दिवस सलग पाणी वेळेवर आल्याचं सांगितलं, तेव्हा मी शिक्षिकेसारखी म्हणाले, “आई, तेच तेच चालत नाही, रोज नवीन पाहिजे.” तेव्हापासून ती दुपारी चार वाजता गॅलरीत जाऊन उभी राहू लागली. मी विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, “दोन झाल्यान. तिसरी गावत नाय, ती बघतंय.” मला कौतुक वाटलं. ही गोष्ट मी रविवारी वर्गात सांगितली आणि एका बाईंनी डोळे पुसले.

आणि आई रडायची थांबली. पंधरा दिवसांत पूर्ण थांबली. ‘मीच उठवला’ हे वाक्य माझ्या घरात पुन्हा आलं नाही. जेवायची, निजायची, कुणी विचारलं तर ‘बरा हाय’ म्हणायची. मला वाटलं, आपण जिंकलो.

आता मावशीचं सांगते. आईची ही थोरली बहीण, उरणच्या बाजूला कोळीवाड्याजवळ दिलेली. भाऊ लहान असताना आईला मिठागरावर पोर सांभाळून काम होईना, तेव्हा मावशीने त्याला तीन वर्षं आपल्याकडे ठेवला होता. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तो तिला आई म्हणायचा आणि आईला बरीच वर्षं नुसतं ‘ए’. तो गेला तेव्हा मावशी मांडीचं हाड मोडून रुग्णालयात होती. बाराव्याला तिला आणता आलं नाही. म्हणजे दोघी बहिणींची भेट राहिली होती. आमच्यात असं म्हणतात, भेट राहिली. ती होत नाही तोवर मरण पुरतं झालेलं नसतं.

अडीच महिन्यांनी मावशी काठी टेकत आली. मामी सोबत होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याशी पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, तरी तिने तिथूनच आवाज काढला, “कुठं गेला गो माजा पोऱ्या...” मी धावत खाली गेले. जिन्याच्या वळणावर तिचा हात धरला आणि म्हणाले, “मावशी, नको. आत्ताच कुठे ती सावरलीये. तुम्ही रडलात तर सगळं पहिल्यावर येईल. चांगलं काहीतरी बोला. माझ्यासाठी.”

मावशीचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिने ते मिटलं. पदराने घाम पुसला. मामी भिंतीकडे बघत होती.

वर आई दारात उभी होती. आवाज तिने ऐकला होता. तिने पदर डोक्यावर घेतलेला होता आणि दोन्ही हात थोडे पुढे आलेले होते. मी म्हणाले, “या, बसा, चहा टाकते.” आईचे हात खाली गेले.

मग त्या दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या. मावशी म्हणाली, पोरगा गुणी होता. आई म्हणाली, हो. मावशी म्हणाली, त्याला खाडीतल्या निवट्या आवडायच्या. आई म्हणाली, लय. मग पायाच्या हाडाचं निघालं, मग यंदा मासळी कशी नाही त्याचं. मी बिस्किटं ठेवली. निघताना मावशीने आईच्या गालावरून हात फिरवला आणि आईने तो हात तसाच धरून ठेवला. मी म्हणाले, “चला, उन्हं उतरायच्या आत पोचा.”

त्या संध्याकाळी आईने न अडखळता तीन गोष्टी सांगितल्या. ताई आली, हे त्यात पहिलं होतं. पुढच्या रविवारी मी फळ्यावर ‘भावनांचं व्यवस्थापन’ असं लिहून तासभर हेच उदाहरण शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते मला त्या दिवशी कुणी ऐकवायला हवं होतं.

महिन्याभरात मावशी गेली. दुपारी जेवून भिंतीला टेकली ती टेकलीच.

आम्ही पोचलो तेव्हा तिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं आणि भोवती बायका दाटून बसल्या होत्या. आईला पाहताच त्या सरकल्या, उशाकडची जागा मोकळी झाली. सख्खी बहीण आली की तिने आवाज काढायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा अशी रीत आहे. सगळ्या गप्प झाल्या. आई बसली. मावशीचं तोंड नीट पाहिलं. मग तिने मान वर केली, बायकांमधून मला शोधलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “हितं रडला तर चालंल का गो?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणाले, “आई, रड ना. रड.” तिने तोंड उघडलं. आतून काही यावं म्हणून ती थांबली, आम्हीही थांबलो. नुसता खोकला आला. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. शेवटी मामीने आवाज काढला, बाकीच्या तिच्यामागून गेल्या, आणि आई मधोमध बसून मावशीच्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत राहिली.

परत येताना मिनीडोर रिक्षात आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. शेजारून एकामागून एक कंटेनर चालले होते. आई त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तिला सांगाचा राहिला.”

“काय?”

“मी उठवला त्याला, ता. सगल्यांना सांगितला. सगल्या म्हनल्या, तुजा काय दोष नाय. पन त्या काय, परक्याच. पोऱ्या तिचा पन व्हता. तिनी म्हनाला पायजे व्हता.”

तेव्हा मला कळलं. बारा दिवस मी आईचं वाक्य ऐकत होते आणि त्याचं उत्तर ऐकत नव्हते. प्रत्येक बाई गळ्यात पडून तिला तेच सांगत होती, की तू काही केलं नाहीस गो, त्याची वेळ भरली होती. ते उगाळणं नव्हतं. आई एकेका बाईकडून माफी घेत चालली होती, आणि जिच्याकडून ती मिळायलाच हवी होती, ती काठी टेकत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली तेव्हा मी तिला चहा-बिस्किटं दिली.

मी आईचा हात धरला. “मला सांग. आत्ता सांग.”

तिने माझा हात थोपटला. “तुना नको. तुना रडल्याचा तरास व्हतो. मी बघितलाय. म्हनून तर मी ती वही सांगत व्हते, तुना बरा वाटायचा.”

म्हणजे माझ्या घरात पेशंट मी होते. भाऊ गेल्याला चार महिने होत आले होते आणि मी एकदाही रडले नव्हते, हे फक्त आईच्या लक्षात आलं होतं. माझ्या लक्षात नव्हतं. आई रडली असती तर मलाही रडावं लागलं असतं, आणि त्याची मला भीती होती. इतकी साधी गोष्ट. त्यासाठी एवढं शास्त्र वापरलं.

नंतर मी अभ्यासक्रमाच्या नोट्स काढून पाहिल्या. त्यात शोकावर एक पूर्ण प्रकरण होतं. ताज्या दुःखात असलेल्या माणसाला हे उपाय देऊ नका, त्याला आधी बोलू द्या, असं त्यात साध्या मराठीत लिहिलं होतं. परीक्षेला त्यावर पाचच मार्कांचा प्रश्न असायचा म्हणून मी ते ऑप्शनला टाकलं होतं.

वर्ग मी वर्षभराने बंद केला. वही आधीच बंद केली होती. त्यानंतर कितीदा तरी आईपाशी बसून म्हणाले, त्या दिवसाचं सांग. ती म्हणायची, जाऊ दे. मी नेट लावला तर म्हणायची, “बरा हाय गो सगला,” आणि उठून काहीतरी निवडायला घ्यायची. मीच तिला शिकवलं होतं आणि ती चांगलं शिकली होती. माझ्या दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांत इतकं पक्कं कुणीच शिकलं नसेल.

पाच वर्षांनी आई गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटचे दोन दिवस रुग्णालयात ती तोंडावरचा मास्क ओढून काढायची आणि भावाला हाका मारायची. उठ, उशीर झाला, असं म्हणायची. मी तिथे होते, पण ती गेली त्या वेळी नव्हते. त्या हाका मला सहन होईनात म्हणून मी खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसले होते. चहा संपला होता तरी बसून राहिले होते. वर आले तेव्हा सिस्टर मास्क काढून गुंडाळत होती.

हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. गळ्यात पडून, शब्दांत, पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि कुणीतरी म्हणायला हवं होतं की तुझा काही दोष नाही गो.

तिसऱ्या दिवशी गावाकडच्या बायका टेम्पो करून विचुंब्याला आल्या. मी दारात उभी होते. जिन्यातून त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला, कुणाचा दम लागल्याचा आवाज आला. बाकी काही आवाज आला नाही. एकेक आत आली, चप्पल काढून, हळू. सोफ्यावर आणि खाली सतरंजीवर नीट बसल्या. एक म्हणाली, तुझी आई लय कष्टाळू. दुसरी म्हणाली, हसरी होती. तिसरीने आईच्या हातच्या सुकटीच्या चटणीची आठवण काढली आणि दोघी-तिघी जरा हसल्यासुद्धा. चहा झाला. पाऊण तासात त्या उठल्या आणि खाली टेम्पोकडे निघाल्या.

मामी शेवटी निघाली. मी तिला दारात धरलं. म्हणाले, “मामी, कुणी रडलं नाही.”

ती गोंधळली. “तुज्या घरी चालत नाय ना गो. तूच सांगितला व्हता. मी सगल्यांना बजावून आनलाय.”

“आज चालतं. बस ना जरा.”

मामी मागे फिरली. सोफ्यावर बसली, मला शेजारी बसवलं, पदर डोक्यावर घेतला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. मग विचारायचं तसं विचारलं, “कसा झाला गो? सांग.”

मी तोंड उघडलं. म्हणाले, “शांत गेली. सिस्टर खूप चांगल्या होत्या. खिडकीजवळचा बेड मिळाला होता.”

मामी माझ्या तोंडाकडे बघत थांबली. खालून टेम्पोचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला.

“बरा झाला,” मामी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

मी दार लावलं आणि कप विसळायला घेतले.